मी पडलो नव्हतो, उतरलो होतो

बोलू का? की तुम्हालाही मी ऐकू येत नाही?

विचारलेलं बरं. मी ज्या जगात वावरलो तिथे डोक्यावर टोप नसला की माणूस ऐकू येईनासा होतो. थट्टा नाही करत. वकील उभा राहिला, घडाघडा बोलायला लागला, पण त्याच्या डोक्यावर मी नसलो, तर न्यायाधीश गंभीर चेहऱ्यानं म्हणतात, "मला तुमचं बोलणं ऐकू येत नाही." कान धडधाकट असतात. रीतच आहे तशी. वेश पुरा करून या, असं तोंडावर सांगणं वाईट दिसतं, म्हणून हे बहिरेपणाचं सोंग. आमच्याकडे माणसाला हाकलायचं झालं तरी दार हळूच लावतात.

तर मी टोप. बॅरिस्टरच्या डोक्यावरचा, घोड्याच्या केसांचा. बायकांच्या गंगावनाशी किंवा नाटकातल्या दाढीमिश्यांशी माझं नातं लावू नका. ते खोटे केस खरे भासवतात. मी खरा भासावा असं कुणालाच कधी वाटलं नाही. मी जसा आहे तसा उघड आहे.

गेल्या वर्षी हॅलबेक गावच्या वर्तमानपत्रात चार ओळी छापून आल्या होत्या: 'भर कोर्टात वकीलबाईंचा टोप पडला.' साफ खोटं. मी पडलो नव्हतो. उतरलो होतो. एवढं एकच सांगायला आज डब्याचं झाकण उघडून बसलोय, पण ते कळायला तुम्हाला आधी माझं मूळ आणि कूळ ऐकावं लागेल.

माझा जन्म एकोणीसशे चौतीस सालचा. लंडनच्या एका अरुंद गल्लीत, पहिल्या मजल्यावरच्या कारखान्यात लॉटी पास्क नावाच्या बाईनं मला घडवलं. तिच्या बोटांना दोऱ्यानं कापून कापून घट्टे पडलेले. दोन-तीन घोड्यांची आयाळ आणि शेपूट धुऊन, विंचरून तिच्यापुढे आली. त्यातला एक घोडा दारूची पिंपं ओढणारा होता आणि चढाच्या रस्त्यावर हटकून उभा राहायचा, असं केस विकणाऱ्यानं तिला सांगितलं होतं.

लाकडाच्या बोटभर काड्यांवर आम्हाला गुंडाळलं, उकळत्या पाण्यात घातलं, मग भट्टीत भाजलं. बाहेर आलो तेव्हा आमचे कुरळे गुंडाळे झाले होते, ते जन्मभरासाठी. मग लॉटीनं जाळीवर एकेक रांग शिवली. एक गुंडाळा काही केल्या सरळ बसेना. तिनं तीन वेळा उसवला, तीन वेळा शिवला.

"बसत नाहीस काय? अडेलतट्टू मेला!" ती म्हणाली आणि तसाच ठेवला.

तो वाकडा गुंडाळा आजही माझ्या डाव्या कानाशी आहे. आणि अडेलतट्टू हे नाव मी मानानं मिरवतो. घोड्याच्या पोटी जन्मलेल्याला याहून चांगलं नाव कुठलं मिळणार?

माझा पहिला मालक अँब्रोज थ्रेलकेल्ड. डोकं भोपळ्याएवढं. नवा बॅरिस्टर, नवा झगा, नवा मी. काळ्या पत्र्याच्या डब्यावर सोनेरी अक्षरांत त्याचं नाव रंगवून आलं होतं. मला वाटलं, आता हा मला डोक्यावर घेऊन नाचणार. पठ्ठ्यानं घरी नेलं, दार लावलं, मला जमिनीवर टाकलं आणि बुटानं तुडवायला लागला. एवढ्यानं भागलं नाही म्हणून चहाच्या किटलीत बुडवून काढलं.

तेव्हा फार लागलं मनाला. पुढे कळलं की सगळेच असं करतात. पांढराशुभ्र टोप म्हणजे कोऱ्या वकिलाची दवंडी. त्याला कोर्टात कुणी हिंग लावून विचारत नाही. टोप जितका मळका, पिवळा, उसवलेला, तितका वकील मुरलेला. माणसं म्हणतात, माझे केस काही उन्हानं पांढरे झाले नाहीत. आमच्यात उलटं आहे. आम्ही पांढरेच जन्मतो आणि अनुभवानं पिवळे होतो. माझा अनुभव मात्र पहिल्याच रात्री चहातून आला होता, हे कबूल.

अँब्रोज माणूस वाईट नव्हता. कोर्टात जीव तोडून बोलायचा. एकदा त्यानं सरकारतर्फे खटला चालवला आणि एका माणसाला फाशी झाली. त्यानंतर आठवड्याभरानं तो तळलेले मासे आणि बटाटे घ्यायला रांगेत उभा होता. मी बगलेतल्या डब्यात. मागे कोण उभं असावं? त्या फाशीच्या माणसाचा भाऊ. खटल्याचे चार दिवस समोरच्या बाकावर बसून ज्यानं अँब्रोजकडे डोळे फाडून पाहिलं होतं तोच. त्यानं अँब्रोजकडे काडेपेटी मागितली. सिगारेट पेटवली. शनिवारच्या फुटबॉलच्या सामन्याबद्दल दोन शब्द बोलला. त्यानं अँब्रोजला ओळखलंच नाही.

घरी आल्यावर अँब्रोजनं मला बाहेर काढलं, मांडीवर घेतलं आणि बराच वेळ तसाच बसून राहिला. बटाटे गार झाले. त्या दिवशी मला माझं काम समजलं. फाशी मागणारा अँब्रोज नव्हता, मी होतो. ते ओझं त्यानं रस्त्यात वाहू नये म्हणून मला जन्माला घातलं होतं. माझी छाती फुगली. टोपाला छाती नसते हे मला ठाऊक आहे, मध्येच टोकू नका.

पुढे अँब्रोजच्या हाताखाली शिकायला एक मुलगी आली, डोरोथी गारसाइड. छप्पन्न साल असावं. तिचा बाप त्याच तळलेल्या माशांच्या दुकानाचा मालक. बाकीचे वकील तिच्यामागून जाताना नाक ओढून वास घ्यायचे आणि म्हणायचे, "आज काय, कॉड मासा वाटतं?" तिचे कान लाल व्हायचे, पण ती उलटून बोलायची नाही.

निवृत्त होताना अँब्रोजनं मला तिच्या हाती ठेवलं. "घे. जुना आहे, पण पत आहे त्याला. आणि याला माझ्या तंबाखूचा इतका वास आहे, की तुझ्या बापाची कढई त्यापुढे काहीच नाही."

डोकं लहान म्हणून तिनं आतून वर्तमानपत्राच्या घड्या घातल्या आणि उभी राहिली. समोरच्या न्यायाधीशानं पिवळा टोप पाहिला, तंबाखूचा वास घेतला आणि निमूट ऐकलं. पुढे चाळीस वर्षं सगळ्याच न्यायाधीशांनी ऐकलं. तेव्हा मला वाटायचं, मी तिच्यावर केवढे उपकार केले! तिचा वास झाकला, तिच्या आवाजाला बसायला जागा दिली. माझ्याखाली माशांच्या दुकानदाराची मुलगी आणि सरदाराचा मुलगा सारखेच दिसतात, ही बढाई मी तेव्हापासून मारत आलो. वास झाकावा का लागला, हा प्रश्न मला पडला नाही. पडायला हवा होता.

डोरोथी निवृत्त झाली आणि माझे दिवस फिरले. कपाटावर डब्यात पडून राहिलो. एका नाताळात चर्चच्या नाटकासाठी मला कुणी तरी मागून नेलं. गावचा खाटीक बाईचं सोंग घेऊन, ओठ रंगवून, मला उलटा घालून नाचला. पोरं हसून हसून गडाबडा लोळली. अपमान म्हणायचा तर म्हणा. पण साठ वर्षांच्या नोकरीत मला टाळ्या मिळाल्या त्या तेवढ्याच.

शेवटी डोरोथी हॅलबेकच्या वृद्धाश्रमात गेली. तिथे तिची देखभाल करायला अराबा क्वानसा नावाची परिचारिका होती. अराबा तरुणपणी घानाहून आलेली. तिची मुलगी एसी इथलीच, बोलायला अगदी हॅलबेकची. कायद्याचं शिकत होती. रविवारी आईची पाळी संपेपर्यंत डोरोथीच्या खिडकीत पुस्तक घेऊन बसायची आणि दोघी कोर्टकज्जांच्या गप्पा मारायच्या. एका रविवारी डोरोथीनं डबा पुढे केला.

"पोरी, हा घे. माझ्यामागे कचऱ्यात जाईल."

एसीनं झाकण उघडलं आणि शिंकली.

"हा डोक्यावर बसणारा आहे," डोरोथी म्हणाली. "बसू दे. पण डोक्यावर चढू देऊ नकोस."

मला राग आला होता त्या बोलण्याचा. चाळीस वर्षांच्या सेवेचं हे फळ? डोरोथी त्याच हिवाळ्यात गेली, त्यामुळे भांडायचं राहून गेलं.

आता घोडं कुठे पेंड खात होतं ते सांगतो. एसीचे केस. दाट, उभे, कुरळे, डोक्याभोवती चांगले वीतभर फुललेले. मला त्यांच्यावर बसताच येईना. वकील झाल्यापासून रोज सकाळी एसी आरशापुढे उभी राहायची. केस पाण्यानं ओले करायची, मागे ओढून घट्ट बांधायची, वरून पट्टी आवळायची, आणि मग सोळा पिना खोचून मला ठोकून बसवायची. संध्याकाळी पिना काढताना तिच्या डोळ्यांत पाणी यायचं. कपाळाच्या कडेचे केस तुटून माझ्या जाळीत अडकून राहायचे. ते मी मोजायचो नाही, पण मला टोचायचे.

एसीच्या वकिली कार्यालयाचा मुख्य कारकून डेरेक मॉसप. कुठल्या वकिलाला कुठला खटला द्यायचा हे त्याच्या हातात, म्हणून सगळे त्याला वचकून. तो एकदा तिला बाजूला घेऊन म्हणाला, "मिस, तुमच्या भल्याचं सांगतो. केस सरळ करून घ्या, नाहीतर बारीक कापा. न्यायाधीश लॅथबरीसाहेबांच्या कोर्टात टोप वाकडा दिसला तरी चालत नाही."

"आणि टोपच कापला तर, डेरेक?"

"टोप? मिस, तो नव्वद वर्षांचा आहे!"

"माझे केस त्याहून जुने आहेत. आजीचे आहेत."

टोप न घालता उभं राहू द्यावं, असा अर्ज तिनं वरती केला होता. त्याला 'विचाराधीन आहे' असं उत्तर आलं होतं. म्हणजे काय, ते सरकारी उत्तरं वाचणाऱ्या कुणालाही समजतं.

मला मात्र तेव्हा पहिल्यांदा एक गोष्ट दिसली. तिचे केस कुरळे आणि मीही कुरळा. तिचे आईबापाकडून आलेले, माझे उकळत्या पाण्यातून. आणि ते खरे कुरळे चेपून, पिनांनी खिळून, त्यांच्यावर हे खोटे कुरळे बसवले की मगच ती ऐकू येणार! माझे पूर्वज म्हणे कुठल्याशा राजाला टक्कल पडलं म्हणून जन्माला आले. टकलासाठी काढलेला उपाय भरल्या डोक्यावर चालवायचा, याला शहाणपण म्हणणारे धन्य आहेत. मी आयुष्यात पुष्कळ पापं पाहिली, पण केसानं कुणाचा गळा कापला नव्हता. आता रोज सकाळी तेच चाललं होतं.

अशात मेव्हिस इलिंगवर्थचा खटला एसीकडे आला.

मेव्हिस अठ्ठ्याहत्तर वर्षांची. पंधराव्या वर्षी कापडगिरणीत लागली आणि गिरणी बंद पडेपर्यंत मागावर उभी होती. मागांच्या खडखडाटात तिचे कान गेले. नवरा मेल्यावर त्याची शर्यतीची कबुतरं तिनं सांभाळली. घरामागच्या मोकळ्या जागेत त्यांची ढाबळ होती. ती जागा एका बांधकामवाल्यानं घेतली आणि ढाबळ पाडायला यंत्र घेऊन माणसं आली. मुकादमाचं नाव गार्थ.

मेव्हिसचं म्हणणं असं: ती ढाबळीच्या आत होती. काचेतून तिनं पाहिलं की चाळीस पावलांवर फाटकाशी उभा राहून गार्थ यंत्रवाल्याला म्हणाला, "म्हातारी आत आहे. असू दे, ढकल. आपसूक पळेल." ती घाबरून फावडं आडवं धरून बाहेर आली, ढाबळीचं दार उघडलं, साठ कबुतरं एकदम उडाली, गार्थ दचकून मागे हटला आणि विटांवर पडून त्याचा पाय मोडला. गार्थचं म्हणणं असं: मी एक अक्षर बोललो नाही, म्हातारीनं येऊन फावडं घातलं आणि माझा पाय मोडला. यंत्रवाल्याला काही आठवत नव्हतं. आणि सरकारी वकिलांनी ज्यूरीला हसत विचारलं होतं, "ठार बहिऱ्या बाईला काचेआडून चाळीस पावलांवरचं कसं ऐकू आलं?"

ज्यूरीतले बाराही जण मान हलवत होते. मेव्हिसला कैद झाली असती तर ती तुरुंगातच मेली असती. तिला स्वतःचं काही वाटत नव्हतं. ती एसीला एवढंच विचारायची, "पोरी, कबुतरांना दाणे कोण घालणार गं?"

एसीनं मेव्हिसला साक्षीत सांगायला लावलं होतं, की गिरणीत बायका ओठ वाचूनच गप्पा मारायच्या, दुसरा इलाज नव्हता. ओठ वाचण्याची परीक्षा कोर्टातच घ्या, असंही एसीनं मागितलं होतं. लॅथबरीसाहेबांनी ते उडवून लावलं. "ही न्यायसभा आहे मिस क्वानसा, जत्रा नव्हे." आता उरलं होतं ते ज्यूरीपुढचं तिचं शेवटचं भाषण. तेवढं एकच हत्यार हातात होतं.

त्या सकाळी तिनं सोळाच्या वीस पिना लावल्या.

मेव्हिस कोर्टाच्या मागच्या बाजूला आरोपीच्या काचेच्या पिंजऱ्यात बसली होती. तिच्यासमोर एक पडदा ठेवला होता. कोर्टात कुणी काही बोललं की टाइप करणारी मुलगी ते लिहायची आणि अक्षरं पडद्यावर उमटायची. समोर उंचावर लॅथबरीसाहेब. त्यांच्या डोक्यावर माझाच एक भाऊबंद, पण आखूड, इस्त्री केल्यासारखा.

एसी बोलायला लागली. चांगली बोलत होती. मागांबद्दल सांगत होती, ओठांबद्दल सांगत होती. ज्यूरीतल्या एका बाईनं पुढे वाकून हनुवटी हातावर टेकली. आणि मला वरून दिसत होतं की लॅथबरी एसीचे शब्द ऐकतच नव्हते. ते माझ्याकडे बघत होते. मी कधी कलंडतो याची वाट बघत होते. एक पिन सुटली होती, दुसरी सुटत होती. एसीचा एक हात आपोआप वर येऊन मला चाचपायचा आणि तिचं वाक्य तुटायचं. पुन्हा हात, पुन्हा वाक्य तुटलं. ज्यूरीतली बाई मागे रेलून बसली.

नव्वद वर्षं मी माणसांना झाकलं होतं. आज एका म्हातारीचा जीव माझ्यापायी जात होता. मी ठरवलं. पकडून बसलो असतो तर बसता आलं असतं. अठरा पिना शाबूत होत्या. पण चढाच्या रस्त्यावर हटून बसणाऱ्या घोड्याचं रक्त आहे माझ्यात. मी उतरलो. तिच्या खांद्यावरून, टेबलाच्या कडेवरून, सरळ जमिनीवर. पट्टीही सोबत घेऊन आलो. तिचे केस सुटले आणि फुलून उभे राहिले.

एसी थांबली नाही. वाकलीही नाही. म्हणाली, "तर मेव्हिस इलिंगवर्थनं जे पाहिलं—"

"मिस क्वानसा," लॅथबरी म्हणाले, "मला तुमचं बोलणं ऐकू येत नाही."

"मेव्हिस इलिंगवर्थनं जे पाहिलं, ते—"

"मला. ऐकू. येत. नाही."

पडद्यावर अक्षरं उमटली. मेव्हिसनं वाचली, पुन्हा वाचली आणि काचेच्या पिंजऱ्यात उठून उभी राहिली. तिला बापडीला रीत काय माहीत?

"अगं बाई! यांचेपण कान गेले का?" ती बहिऱ्या माणसाच्या मोठ्या आवाजात म्हणाली. "तुम्हीपण गिरणीत होता का हो साहेब? माझं कानाचं यंत्र घेता का? मला काही त्याचा उपयोग नाही!" आणि खरोखर कानातलं यंत्र काढून काचेच्या फटीतून पुढे धरलं.

कोर्टात हसू फुटलं. सरकारी वकील टोपात तोंड लपवायला बघत होते. लॅथबरींनी टेबलावर हात आपटला आणि शांतता झाल्यावर खाली बसलेल्या कारकुनाकडे वाकून ओठांतल्या ओठांत काहीतरी पुटपुटले. ते टाइप करणाऱ्या मुलीलाही ऐकू गेलं नाही. पडदा कोराच राहिला.

"झुडूप कुणाचं?" मेव्हिसनं विचारलं.

सगळे वळले.

"ते साहेब आता म्हणाले ना, 'डोक्यावर झुडूप वाढवायचं आणि टोप बसत नाही म्हणून रडायचं. आटपा हे, एक वाजता मला जेवायला जायचंय.' कुणाचं झुडूप? माझ्या पोरीचं?" तिनं काचेवर बोट आपटलं. "छान केस आहेत तिचे. माझ्या लाल्या कबुतराची मान अशीच फुलते."

आता कुणी हसलं नाही. ज्यूरीतल्या बारा जणांनी आधी लॅथबरींच्या ओठांकडे पाहिलं, मग कोर्ट ओलांडून काचेच्या पिंजऱ्याकडे पाहिलं. हनुवटीवाली बाई पुटपुटत काहीतरी मोजत होती. मला वाटतं पावलं मोजत होती.

लॅथबरींचा चेहरा आधी पांढरा आणि मग बिटासारखा झाला. "आरोपी जे बोलली ते ज्यूरीनं मनातून काढून टाकावं," ते म्हणाले.

एसी शांतपणे म्हणाली, "जशी आज्ञा, महाराज. फक्त नोंदीत एवढं यावं, की महाराज तसं काही बोललेच नाहीत."

लॅथबरींनी कारकुनाकडे पाहिलं. त्यांच्या पायाशी बसलेला कारकून छताकडे बघत होता. ज्यूरी मोडून खटला नव्यानं चालवता आला असता, पण मग कारण लिहावं लागलं असतं, आणि ते कारण कुठल्या शब्दांत लिहिणार? मी जमिनीवरून सगळं पाहत होतो. इतक्या वर्षांत कोर्ट खालून पाहण्याची ती पहिलीच वेळ. खालून न्यायाधीश फारसे उंच दिसत नाहीत.

शेवटी ते म्हणाले, "बोला, मिस क्वानसा."

"माझा टोप खाली पडलाय, महाराज."

"दिसतंय मला."

"म्हणजे ऐकू येतंय?"

त्यांनी लेखणी खाली ठेवली. "येतंय," लॅथबरी म्हणाले.

"मग माझं भाषण संपलं," एसी म्हणाली. "मला जे सिद्ध करायचं होतं ते ज्यूरीनं आत्ताच पाहिलं." आणि ती खाली बसली.

ज्यूरी आत गेली ती चहा गार व्हायच्या आत परतली. निर्दोष. काचेचं दार उघडलं. मेव्हिस बाहेर आली, वाकली, मला उचललं, फुंकर मारली आणि आत बोट घालून पाहिलं. "मऊ आहे की. पोरी, तुला नको असेल तर मला दे. यात माझी पारवी छान अंडी घालेल."

पारवी! कारागिराचा हात लागलेल्या मला! पण खरं सांगू, त्या बाईच्या हातात होतो तेवढा वेळ मी अंग चोरलं नाही.

त्यानंतर बरंच झालं. पत्रं आली, समित्या बसल्या. काही म्हणाले, टोप म्हणजे गुलामीची खूण, जाळून टाका. काही म्हणाले, टोप गेला तर कोर्टाची अब्रू गेली. दोघांनाही मी सांगतो, माझ्या वतीनं बोलू नका. अब्रू माझ्या गुंडाळ्यांत नव्हती आणि गुन्हाही माझ्या गुंडाळ्यांत नव्हता. फाशीची शिक्षा मागून रांगेत उभ्या राहणाऱ्या माणसाला मी झाकलं, त्याची मला लाज नाही. ज्याला झाकून घ्यायचंय त्यानं मला जरूर घालावं. पण ज्याला बोलायचंय, त्याच्या तोंडाला मी बूच म्हणून बसणार नाही. आणि पडलो म्हणालात तर पुन्हा सांगेन, उतरलो.

गावच्या संग्रहालयानंही मला मागितलंय. काचेच्या पेटीत ठेवणार, खाली माहितीची पाटी लावणार. एसीनं ते पत्र माझ्या डब्यावर ठेवलंय आणि अजून उत्तर दिलेलं नाही. एसी, तुला विनवतो, बाई. मला काचेत घालू नकोस. काचेतून एका बाईला आपण बाहेर काढलं, आता तिथे मला कशाला कोंबतेस? वाटल्यास त्या पारवीकडे पाठव.

अर्जाचं उत्तरही अखेर आलं. टोपाशिवाय उभं राहण्याची परवानगी मिळेल, मात्र दर खटल्याला, दर न्यायाधीशाकडे, नव्यानं मागावी लागेल. एसीनं ते वाचलं, घडी केली आणि फाइलमध्ये लावलं. "माझ्याच केसांसाठी मी दर सोमवारी परवानगी मागू?" ती डेरेकला म्हणाली. डेरेकनं खांदे उडवले. मग डबा हातात घेऊन त्यावरची दोन जुनी नावं वाचली आणि म्हणाला, "यावर तुमचं नाव नाही, मिस. मी रंगवून आणू का?" आता तिथे तीन नावं आहेत.

गेल्या मंगळवारी पुन्हा लॅथबरींचं कोर्ट होतं. एसीनं परवानगी मागितली नाही. काळा झगा, गळ्याशी पांढरी पट्टी, केस मोकळे. मला डब्यातून काढलं आणि स्वतःपुढे टेबलावर, पाण्याच्या ग्लासाशेजारी ठेवलं. हवा असेल तर हा आहे, डोक्यावर मात्र नाही. एवढंच. 

लॅथबरींनी तिच्याकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं. कारकुनाला काहीतरी सांगायला वाकले, अर्ध्यात थांबले, मागच्या बाकांवर कोण कोण बसलंय ते पाहिलं, आणि मग स्वतःच्या तोंडावर हात धरून बोलले.

हात खाली आला तेव्हा ते म्हणाले, "बोला, मिस क्वानसा. ऐकतोय."

एसी बोलायला लागली. मी टेबलावरून तसूभरही हललो नाही.